जामीन मंजूर झाला पण माणूस आतच: बाँड, जामीनदार आणि सीमेपलीकडचा सातबारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात बांधावरून भांडण झालं, धाकट्या भावाला अटक झाली, बीएनएसचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं, कलम ११८(१) लागलं. मॅजिस्ट्रेटनी जामीन दिला, ऑर्डरमध्ये ५० हजारांचा बाँड आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार असं लिहिलंय. घरच्यांना वाटतंय ५० हजार रोख भरायला लागणार. कोर्टाच्या गेटबाहेर एकजण म्हणतोय ८ हजार द्या, उद्या जामीनदार उभा करतो. चंदगडचे मामा स्वतःचा सातबारा घेऊन यायला तयार आहेत पण कोणीतरी सांगितलंय की महाराष्ट्राचा उतारा कर्नाटकच्या कोर्टात चालत नाही. ऑर्डर होऊन चार दिवस झाले, भाऊ अजून हिंडलग्याच्या जेलमध्येच आहे.

मी बेळगावच्या कोर्टात बरीच वर्षं फौजदारी बाजूला वकिली करतोय आणि हा प्रश्न नावं बदलून दर आठवड्याला समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी सरळ उत्तर: ५० हजार भरायचे नाहीत, त्या गेटवरच्या माणसाला ८ हजार द्यायचे नाहीत, आणि मामांना घेऊन या.

आता का ते सांगतो. जामिनाची ऑर्डर म्हणजे सुटका नव्हे, सुटका होते ती बाँड पुरा झाल्यावर, आणि बाँडमध्ये दोन भाग असतात. एक भाग तुमच्या भावाचा, तो लिहून देतो की मी प्रत्येक तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर ५० हजार सरकारला देईन. दुसरा भाग जामीनदाराचा, तो लिहून देतो की हा हजर राहील याची हमी माझी, नाही राहिला तर ५० हजार मी देईन. दोन्हीकडून आज एक रुपया कोर्टात जात नाही. सोसायटीच्या कर्जाला आपण जामीन राहतो तसंच आहे हे, सही आज, पैसे फक्त समोरचा बुडाला तर. सीमाभागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे एकदा सांगितलं की लगेच कळतं, पण ऑर्डरमधला आकडा वाचून घरची बाई मंगळसूत्र गहाण ठेवून येते, आणि ते बघून जीव तुटतो. पैसे जमवण्यात गेलेला प्रत्येक दिवस पोरगं विनाकारण आत काढतं.

फौजदारी कामकाजाचा नवा कायदा, म्हणजे बीएनएसएस, १ जुलै २०२४ पासून लागू झालाय, जुनी सीआरपीसी गेली. नव्या कायद्यात व्याख्येतच सांगितलंय की जामीनदारासकट असतो तो बेल बाँड आणि जामीनदाराशिवाय नुसत्या स्वतःच्या सहीवर असतो तो बाँड. तुमच्या भावाच्या ऑर्डरमध्ये जामीनदार मागितलाय म्हणजे नुसत्या त्याच्या सहीवर सुटका होणार नाही. आणि हो, बरेचजण विचारतात की पूर्वी असल्या भांडणात ठाण्यातूनच सोडायचे, आता का नाही. बरोबर आहे, जुन्या आयपीसीच्या ३२४ कलमाला ठाण्यातून जामीन व्हायचा, त्याच्याच जागी आलेलं ११८(१), म्हणजे हत्यारानं किंवा घातक वस्तूनं दुखापत, हे आता अजामीनपात्र आहे, म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता त्या गेटवरच्या माणसाबद्दल. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत लायसन घेऊन जामिनाचा धंदा चालतो, टक्केवारी घेऊन एजंट बाँड भरतो, आणि पिक्चर बघून लोकांना वाटतं आपल्याकडंही तसंच असेल. आपल्याकडं असा कुठलाही लायसनचा धंदा नाही. पैसे घेऊन जामीनदार उभा करणारा माणूस बहुतेक वेळा जो उतारा आणतो तो एकतर दुसऱ्याच्या नावाचा असतो, नाहीतर तोच उतारा दहा केसमध्ये लावलेला असतो. बीएनएसएसच्या कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराला कोर्टापुढं लिहून द्यावं लागतं की मी आधी किती जणांना जामीन राहिलोय, सगळ्या तपशिलासकट. तिथं खोटं लिहिलं की पुढं कधीतरी उघडं पडतं, आणि पडलं की कलम ४८८ खाली तुमच्या भावावर वॉरंट निघतं, नवा पक्का जामीनदार आणेपर्यंत तो परत आत. बनावट कागदाचा गुन्हा वेगळा, त्यात ज्यानं पैसे देऊन त्याला आणलं त्याचं नावही येऊ शकतं. म्हणजे एका भावाला सोडवायला गेलेला दुसरा भाऊ आरोपी. हे होताना बघितलंय म्हणून हात जोडून सांगतो, करू नका.

बरं, मामा. इथं जरा थांबून लिहितो कारण सीमाभागात ही अडचण रोजची आहे आणि यात लोकांना उगाच हेलपाटे घालायला लावतात. आमच्याकडं लेक बेळगाव तालुक्यात दिलेली, माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, सासरा निपाणीचा, मावशी कागलची. निम्मे नातेवाईक राज्याच्या त्या बाजूला. अडचणीला धावून येणारा सख्खा मामा, आणि नेमका त्याचाच उतारा चालत नाही म्हणायचं? कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नाही. कलम ४८५ म्हणतं जामीनदार पुरेसा आणि लायक आहे का ते कोर्टानं बघावं, त्यासाठी अफिडेविट घ्यावं किंवा चौकशी करावी. जमीन कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या राज्यात असावी याचा एक शब्द त्यात नाही. जमीनच असावी असंही नाही, पगारदार माणूस, बँकेची एफडी असलेला माणूस, गावठाणात घर असलेला माणूस, सगळे जामीनदार होऊ शकतात.

आणि यावर सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल आहे, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा. मोतीराम गवंडी होता, सुप्रीम कोर्टानं जामीन दिला तर खालच्या कोर्टानं १० हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा सख्खा भाऊ पुढं आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारलं. सुप्रीम कोर्टानं हे साफ चूक ठरवलं, एका प्रांतातला माणूस दुसऱ्या प्रांतात पकडला गेला तर त्यानं तिथला जमीनवाला कुठून आणायचा असा सवाल केला, आणि मोतीरामला स्वतःच्या १ हजाराच्या बाँडवर सोडायला सांगितलं. तेव्हा १० हजार म्हणजे गवंड्याला डोंगर होता. पुढं ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं जामीन होऊनही आत राहिलेल्या कैद्यांसाठी सूचना दिल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका लांबते, अशा केसेसमध्ये ती अट घालू नये. त्यामुळं तुमच्या वकिलांना सांगा की हे दोन्ही निकाल मेमोसोबत, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी टिपणासोबत, जोडा. ऑर्डरमध्ये "स्थानिक जामीनदार" असा शब्द असेल तर आधी तेवढी अट बदलून मागा, नसेल तर मामांना थेट उभं करा.

आता व्यवहाराची गोष्ट. कायदा बाजूनं असला तरी कागद नीट नसतील तर काम अडतंच. कर्नाटकातला उतारा, म्हणजे आरटीसी, हा एकर-गुंठ्यात आणि कन्नडमध्ये असतो, कारकुनाच्या डोळ्याला त्याची सवय असते. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि मराठीत. कारकून तो कागद हातात घेतो, उलटसुलट बघतो आणि सरळ बाजूला ठेवतो, त्याला त्यातलं कळत नाही आणि जबाबदारी नको असते. म्हणून सातबाऱ्याचं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये भाषांतर करून नोटरी करा, त्यात क्षेत्र एकर-गुंठ्यात मांडून द्या, एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. सातबारा डिजिटल सहीचा काढा, महाराष्ट्र सरकारच्या महाभूमी वेबसाइटवर १५ रुपयांत मिळतो, त्यावर क्यूआर कोड असतो, कोणीही मोबाईलवर तपासू शकतं. नुसता बघायचा फुकटचा उतारा आणू नका, त्यावर सही नसते. सोबत आठ-अ, आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मिळाला तर उत्तमच, कारण जमिनीची किंमत किती हा प्रश्न त्यानं मिटतो. दाखल्याला वेळ लागणार असेल तर त्यासाठी थांबू नका, अफिडेविटवर किंमत लिहून द्या.

आणखी एक, जिथं सगळ्यात जास्त जामीनदार परत जातात. सातबाऱ्यावर मामांचं एकट्याचं नाव आहे का? आपल्याकडं आजोबा वारले की पाच भाऊ, तीन बहिणी, आजी, सगळ्यांची वारसानं नावं चढतात आणि वाटणी कधी होतच नाही. अशा सामाईक उताऱ्यावर दोन एकर दिसले तरी कोर्ट विचारणार, तुझा हिस्सा किती. तो हिस्सा काढून त्याची किंमत ५० हजारांच्या वर जाते का ते आधीच बघा, आजकालच्या भावात सहसा जातेच. इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर लपवू नका, बोजा असला म्हणून जामीनदार बाद होत नाही, उरलेली किंमत पुरेशी दिसली म्हणजे झालं. आणि मामींच्या डोक्यात भीती असेल की जमीन कोर्टाच्या नावावर चढेल, तर तसं काही होत नाही, गहाण पडत नाही, भाचा तारखा सांभाळतोय तोवर शेताला कोणी हात लावत नाही.

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो म्हणजे मामा बिचकणार नाहीत. आधार, फोटो, उतारा, अफिडेविट असं सगळं वकील आत देतात, मग केस पुकारली की मामांना बॉक्सजवळ उभं करतात. साहेब किंवा मॅडम कन्नडमध्ये विचारतात, बेंच क्लार्क नाहीतर वकील मराठीत सांगतात, काही मॅजिस्ट्रेट स्वतःच मोडक्यातोडक्या मराठीत विचारतात. नाव काय, गाव कुठलं, काय करता, जमीन किती, आरोपी तुमचा कोण, त्याच्या वडलांचं नाव काय, आधी कुणाला जामीन राहिलाय का. आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न: हा तारखेला आला नाही तर काय होईल माहितंय का? इथं निम्मे लोक म्हणतात, "मला काय ठाऊक न्हाई साहेब, ह्यांनी सही कर म्हटलं म्हणून आलोय." झालं, तिथंच नाकारतात, आणि बरोबरच आहे. मामांनी शांतपणे सांगायचं की माझा भाचा आहे, मी त्याला तारखेला घेऊन येईन, नाही आला तर ५० हजार मला भरायला लागतील हे मला माहीत आहे. एवढंच. पाठ करून पोपटासारखं बोलू नका, आधी घरी बसून नीट समजून घ्या म्हणजे तोंडून आपोआप बरोबर येतं.

बाँड घेतला गेला की कोर्ट जेलला सुटकेचा हुकूम पाठवतं. हिंडलग्यात तो पोहोचल्यावर जेलवाले बघतात की दुसऱ्या कुठल्या केसमध्ये तो हवाय का, नसेल तर सोडतात. संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद केल्यावर हुकूम पोहोचला तर सकाळपर्यंत थांबावं लागतं, म्हणून जामीनदार सकाळच्या सत्रातच उभा करायचा प्रयत्न करा. दुपारी चारला जेवून निवांत आलेले मामा म्हणजे पोराची आणखी एक रात्र.

समजा मामांनाही काही कारणानं नाहीच घेतलं. तर रस्ते संपत नाहीत. कलम ४९० खाली जामीनदाराऐवजी रोख डिपॉझिट भरायची परवानगी मागता येते, कोर्ट ठरवेल तेवढी रक्कम भरायची, पावती जपून ठेवायची, केस संपल्यावर ती परत मिळते. काही वेळा कोर्ट तात्पुरतं रोखीवर सोडतं आणि जामीनदार आणायला मुदत देतं, तसा अर्ज करून बघा. रक्कमच झेपत नसेल तर कलम ४८४ आहे, बाँडची रक्कम केसच्या परिस्थितीला धरून असावी, अवाजवी नको असं त्यात सरळ लिहिलंय, आणि हायकोर्ट किंवा सेशन्स कोर्ट ती कमी करू शकतं. मजुरी करणाऱ्याला दोन लाखांचा बाँड लावला असेल तर गप्प बसू नका.

आणि जिल्हा कायदेसेवा प्राधिकरण लोक विसरूनच जातात. २०२३ च्या त्याच सूचनांप्रमाणे जामीन झाल्यावर ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, मग त्यांचा माणूस जेलमध्ये जाऊन भेटतो. एक महिन्यात बाँड दिला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. तुमचे चार दिवस झालेत, सातव्या दिवसाची वाट न बघता आत्ताच अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, महिलांना आणि एससी-एसटींना तर कोठडीत नसतानाही मिळतो. हेल्पलाईन १५१००. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची योजनाही २०२३ मध्ये आली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत अशी तिची सुरुवातीची मर्यादा होती, त्याचा अर्जही प्राधिकरणामार्फतच पुढं जातो.

आता ऑर्डरमधल्या अटी, ज्या कोणी वाचतच नाही. ठरावीक वाक्यं असतात: साक्षीदारांना धमकावू नये, तपासाला सहकार्य करावं, दर रविवारी ठाण्यात हजेरी, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय हद्द सोडू नये. हे शेवटचं वाक्य हुबळीच्या माणसाला फार जाणवत नाही पण खानापूरच्या पोराला जाणवतं. निम्मी पोरं गोव्यात कामाला, काही कोल्हापूरच्या एमआयडीसीत, ऊस तोडायला नाहीतर बाजाराला चंदगडला जायचं तरी राज्य ओलांडावं लागतं. सुटून आल्यावर पोरगं आठवड्यात गोव्याला कामावर जातं, फिर्यादी फोटो काढून अर्ज टाकतो की अट मोडली, आणि जामीन रद्द करायची नोटीस येते. तुमचा भाऊ कामाला बाहेर जात असेल तर त्याच कोर्टात अट शिथिल करायचा अर्ज द्या, कंपनीचं पत्र जोडा, गोव्याचा पत्ता आणि फोन नंबर द्या, ठराविक तारखांना येईन असं लिहून द्या. प्रामाणिकपणे मागितलेली अशी परवानगी मिळते असा माझा अनुभव आहे. मोबाईलवर सतत लोकेशन पोलिसांना दिसलं पाहिजे अशी अट मात्र घालता येत नाही, ते सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये सांगून टाकलंय.

जामीनदाराचा धोका काय तेही मामांना आधीच सांगा, नात्यात नंतर वितुष्ट नको. आरोपी तारखेला आला नाही तर त्याच्यावर वॉरंट, बाँड जप्त, आणि जामीनदाराला कलम ४९१ ची नोटीस येते, रक्कम का वसूल करू नये ते सांगा म्हणून. नोटीस आली की घाबरून घरात बसू नका, कोर्टात या, पोरगं आजारी होतं, अपघात झाला, जे खरं कारण असेल ते कागदानिशी सांगा, पोराला हजर करा, कोर्ट रक्कम कमी करू शकतं किंवा माफही करू शकतं. नोटिशीकडं दुर्लक्ष केलं तर दंडासारखी वसुली होते, तीही झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात जावं लागू शकतं. आणि तारखेला विनाकारण दांडी मारणं हा आरोपीचा स्वतंत्र गुन्हा आहे, बीएनएस कलम २६९, एक वर्षापर्यंत शिक्षा. खरी अडचण असेल तर वकिलाकडून हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी पडला पाहिजे, दुसऱ्या दिवशी नाही. पुढची तारीख ई-कोर्ट ॲपवर दिसते, केसचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख क्रमांक, मामांच्याही मोबाईलमध्ये घालून द्या. भाच्याचं वागणं बिघडतंय, हा पळणार असं मामांना वाटलं तर तेही अडकून राहत नाहीत, कलम ४८९ खाली मला मोकळं करा असा अर्ज देता येतो, मग कोर्ट वॉरंट काढून आरोपीला समोर आणतं आणि दुसरा जामीनदार आणायला सांगतं.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी आजच अटक झालेली असेल तर त्यांच्यासाठी थोडं. पहिल्यांदा कलमं विचारा. अपघाताची केस, साधी मारामारी, शिवीगाळ यातली बरीच कलमं जामीनपात्र आहेत, तिथं जामीन हा हक्क आहे, कलम ४७८, ठाण्यातच बाँड लिहून घेऊन सोडायला पाहिजे. ऐपत नसलेल्याला तर नुसत्या सहीवर सोडायचं असतं, आणि एक आठवडा झाला तरी जामीनदार मिळाला नाही तर त्याला ऐपत नाही असंच धरायचं असतं. अजामीनपात्र असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायलाच लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात मुळात अटक करायची गरज काय हे पोलिसांना लिहून दाखवावं लागतं, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचं, अर्णेश कुमार हा २०१४ चा निकाल वकिलांना तोंडपाठ असतो, तो रिमांडच्या वेळीच, म्हणजे पोलीस कोठडी मागतात तेव्हाच, मांडायला सांगा. फाशी-जन्मठेपेच्या कलमात मॅजिस्ट्रेट सहसा जामीन देत नाहीत, तिथून बेळगावचं सेशन्स कोर्ट, तिथं नाही झालं तर धारवाडचं हायकोर्ट बेंच.

आणि भाषा. अटकेचे कागद कन्नडमध्ये पुढं करतात, मराठी शाळेत शिकलेलं पोरगं न वाचता सही करतं. ६ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं मिहीर शहा केसमध्ये सांगितलंय की अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची, ती लगेच देणं शक्य नसेल तर मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी द्यायची. हे सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. तेव्हा कन्नड वाचता येत नसेल तर रिमांडला मॅजिस्ट्रेटना तिथंच सांगा की मला कारणं कळलेली नाहीत. यात कुणाशी भांडण नाही, कुठल्या भाषेला विरोध नाही. कर्नाटकातला कन्नड माणूस सोलापुरात पकडला गेला तर त्यालाही हाच हक्क आहे.

जामीन नाकारला गेला असेल तर अटकेनंतर पहिल्यांदा कोर्टानं कोठडी दिली तो दिवस वहीत लिहून ठेवा. ६० दिवसांत, किंवा दहा वर्षं आणि त्यावरच्या गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर कलम १८७(३) प्रमाणे जामीन मिळतो, पण मागावा लागतो, आणि चार्जशीट पडायच्या आत मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार पाहिजे. दुपारी चार्जशीट दाखल झालं आणि अर्ज पडला नव्हता तर तो हक्क गेला, असे हुकलेले जामीन बघून फार वाईट वाटतं. खटला लांबत चालला तर कलम ४७९ पण बघा, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बाँडवर सोडायचं असतं, इतरांना निम्मा काळ. जन्मठेप-फाशीची कलमं आणि एकापेक्षा जास्त केस चालू असलेले यात येत नाहीत.

एफआयआर एका राज्यात आणि माणूस दुसऱ्या राज्यात, हेही आपल्याकडं नेहमीचं. बेळगावात एफआयआर झालाय, तुम्ही राहता कोल्हापुरात आणि बेळगावला यायला निघालात की वाटेतच अटक होईल अशी भीती असेल तर कोल्हापूरच्या सेशन्स कोर्टातून थोड्या दिवसांचं अटकपूर्व संरक्षण मागता येतं, तेवढ्या मुदतीत बेळगावला येऊन रीतसर अर्ज करायचा. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक या केसमध्ये हा रस्ता मान्य केलाय. उलट्या बाजूनंही तेच, कागलला एफआयआर आणि माणूस निपाणीचा असेल तर चिकोडीकडून सुरुवात करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, त्यामुळं वरच्या अपिलाला मुंबई गाठायची गरज राहिली नाही.

मोर्चा-आंदोलनातल्या पोरांसाठी एक वेगळी गोष्ट. एकाच दिवसाच्या घटनेतून दोन-तीन ठाण्यांत चार-चार एफआयआर होतात आणि प्रत्येक केसला वेगळा जामीनदार शोधत घरचे गावभर फिरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये गिरीश गांधी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तेरा केसेस असलेल्या आरोपीला तेच जामीनदार सगळीकडं वापरायची मुभा दिली, कारण जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून जामीन राहणार कोण. तुमच्यावर असं काही असेल तर तो निकाल घेऊन अर्ज करा, गल्लीतल्या प्रत्येक घराचा उतारा मागत फिरू नका.

तुमच्या भावाची केस संपली, निर्दोष सुटला, तरी लगेच सगळं मोकळं होतं असं नाही, निकालाच्या आधी कलम ४८१ खाली आणखी एक बाँड घेतात, सरकार अपिलात गेलं तर वरच्या कोर्टात हजर राहीन म्हणून, तो सहा महिने चालतो. त्यासाठीही जामीनदार मागितला जातो, तेव्हा मामांना निकालाच्या तारखेला मोकळं राहायला आधीच सांगून ठेवा. रोख डिपॉझिट भरलं असेल तर ते परत मिळवायचा अर्ज निकालानंतर वेगळा द्यावा लागतो, मूळ पावती जोडून, आपोआप कोणी पाठवत नाही.